गोडाची बाजू

गोड जितकं कमी, तितकं चॉकलेट खानदानी, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत होते. ठाण्यात घरून केक करून देते. ऑर्डर घेताना समोरून हमखास येणारं वाक्य म्हणजे, "ताई, फार गोड नको हं." केक खाऊन झाल्यावर मिळणारी सर्वांत मोठी पावतीही तीच, "अजिबात गोडमिट्ट नव्हता." आपल्या मध्यमवर्गीय घरांत कमी गोड आवडणं हे हल्ली चांगल्या अभिरुचीचं लक्षण मानलं जातं, आणि त्या समजुतीला मीही माझ्या परीनं खतपाणी घातलं. गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवून एकजीव केलेलं चॉकलेट, हा माझ्या केकचा जीव. त्याचा गोडवा उतरवायचा तर जास्त टक्क्यांचं, जास्त कडू चॉकलेट घ्यायचं, एवढा एकच रस्ता मला माहीत होता. आता मला तसं वाटत नाही.

त्या जुन्या मताला कारणं होती. आमच्या लहानपणी वाढदिवसाचा केक म्हणजे वनस्पती तुपात फेटलेली पिठीसाखर. पहिला घास मजेचा लागायचा, तिसऱ्या घासाला तोंडाला मिठी बसायची. पुढे केक शिकले ते फ्रेंच वळणाच्या पुस्तकांतून. रोबेर लँक्स यांनी १९७७ साली पॅरिसमध्ये 'ला मेझाँ द्यू शोकोला' हे दुकान काढलं आणि गनाशला मानाचं पान दिलं; व्हालरोना कंपनीनं १९८६ साली ७० टक्के कोकोचं 'ग्वानाजा' बाजारात आणलं. हे सगळं मी भक्तिभावानं वाचलं. सत्तर हा आकडा माझ्यासाठी दर्जाचा शिक्का झाला. पंचावन्न टक्केवालं चॉकलेट वापरणाऱ्या ओळखीच्या बायकांना मी सत्तरकडे वळवायचे, आणि त्यात आपण काही चांगलं काम करतोय असं मला वाटायचं.

पाकिटावरचा टक्का म्हणजे कोकोच्या बियांपासून आलेला एकूण ऐवज. त्यात कोकोचा सुका गरही आला आणि कोको बटरही आलं. डार्क चॉकलेटमध्ये उरलेला भाग बहुतेक सगळा साखरेचा. म्हणजे ५५ टक्क्यांच्या २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साधारण ९० ग्रॅम साखर, ७० टक्क्यांच्या तेवढ्याच चॉकलेटमध्ये ६० ग्रॅम. त्यात १०० ग्रॅम क्रीम घातलं की पहिल्या गनाशमध्ये चॉकलेटमधून आलेली साखर ३० टक्के, दुसऱ्यात २०. हा हिशेब बरोबरच आहे आणि मी आजही तो मांडते. त्यावरून मी जे अनुमान काढत होते, ते मात्र आता मला पटत नाही.

पहिला विचार करायला लावला एका आजींनी. त्यांच्या पंच्याहत्तरीचा केक मी केला होता. सुनेनं नेहमीप्रमाणे कमी गोड सांगितलेलं, म्हणून आत-बाहेर सत्तर टक्क्यांचं गनाश. नंतर केकचा स्टँड परत आणायला गेले तेव्हा आजींनी मला बसवून घेतलं. म्हणाल्या, "केक छान होता गं. पण एक सांगू? कडू असता तर मला चालला असता, कॉफी मी बिनसाखरेचीच पिते. हा तुरट होता. प्रत्येक घासाला जीभ आवळत होती." मी म्हटलं, "आजी, चांगलं चॉकलेट असंच असतं." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली.

घरी येऊन उरलेलं गनाश पुन्हा खाऊन पाहिलं, या वेळी घाई न करता. आजी म्हणत होत्या ते खरं होतं. कडूपणा जिभेवर लगेच कळत होता आणि विरूनही जात होता. मागे जे राहत होतं, हिरड्यांना आणि गालाच्या आतल्या बाजूला चिकटून, तो तुरटपणा होता. कोकोच्या सुक्या गरात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणून तोंड कोरडं आणि खरखरीत वाटतं. टक्का वाढला की साखर कमी होते हे मी पाहत होते. तिच्या जागी काय वाढतं याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. गोड काढून त्या जागी तुरट भरलं तर खाणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

कडूपणाचा आणि तुरटपणाचा इलाज एकच नाही, हे तिथून उमगायला लागलं. तुरटपणावर दूध चालतं. दुधातलं केसिन पॉलिफेनॉलला बांधून घेतं, कडक चहात दूध पडलं की त्याची धार मरते ती याच कारणानं. म्हणजे सत्तर टक्क्यांचं गनाश तुरट लागत असेल तर त्यात साखर ढकलण्याआधी क्रीम वाढवून पाहायला हवं. आणि कडूपणावर मीठ चालतं. मी तोवर गनाशमध्ये मीठ घालत होते ते गोडवा मारायला, कारण पाककृतींमध्ये तसं लिहिलेलं असतं. पण चिमूटभर मीठ नेमकं उलटं करतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ब्रेस्लिन आणि बोशॅम्प यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये याबद्दलचा प्रयोग छापला. कडू आणि गोड यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातल्यावर कडूपणा दबला आणि त्याच्याखाली झाकलेला गोडवा वर आला. साखर तेवढीच, पण चव जास्त गोड.

आई पुरणात आणि शिऱ्यात मीठ घालायची. विचारलं की म्हणायची, "गोडाला चव येते." मी ते पिढ्यानपिढ्या चालत आलेली सवय म्हणून सोडून दिलं होतं. आता अर्धा किलो गनाशला साधारण एक ग्रॅम मीठ वजनकाट्यावर मोजून घालते, गरम क्रीममध्येच, म्हणजे ते नीट विरघळतं आणि दाताखाली कण येत नाही. त्या एका ग्रॅममुळे ७० टक्क्यांचं चॉकलेट साखर न वाढवता सौम्य होतं. गोडवा कमी करायचा असेल त्या दिवशी मात्र मीठ घालत नाही.

दुसरा धक्का मुंबईच्या हवेनं दिला. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अमूलच्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के. युरोपातल्या पाककृती ३५ टक्क्यांच्या क्रीमवर बेतलेल्या. आपल्या क्रीममध्ये दोन तृतीयांश पाणीच असतं, म्हणून तिकडचं प्रमाण जसंच्या तसं घेतलं की गनाश पातळ होतं. त्यात एप्रिल-मे. एकास एक प्रमाणाचं गनाश केकच्या कडेवरून खाली उतरायला लागतं. मग आपण सगळ्याच जणी काय करतो, तर चॉकलेट वाढवतो. दोनास एक, अडीचास एक, फाँडंटखाली, म्हणजे केकवर चढवायच्या साखरेच्या पोळीखाली, द्यायचं असेल तर तीनास एक. ५५ टक्क्यांचं चॉकलेट धरा. एकास एकमध्ये साखर साडेबावीस टक्के, दोनास एकमध्ये तीस, तीनास एकमध्ये चौतीसच्या आसपास. चॉकलेट तेच, पाकीट तेच, हात तोच, आणि उन्हाळ्यातला केक जवळजवळ दीडपट गोड. त्या दिवसांत गिऱ्हाईक म्हणायचं, "या वेळी जरा गोड झाला का हो?" आणि मी म्हणायचे, "नाही, नेहमीचंच चॉकलेट आहे." माझं बोलणं खरंच होतं आणि त्यांची जीभही खरी होती.

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गोडवा ठरतो तो चॉकलेटच्या टक्क्यापेक्षा जास्त चॉकलेट-क्रीमच्या प्रमाणावर, आणि ते प्रमाण मी चवीसाठी ठरवतच नव्हते. घट्टपणासाठी ठरवत होते. घट्टपणा दुसऱ्या कशानं आणता आला तर गोडवा मोकळा होतो. आता उन्हाळ्यात चॉकलेट वाढवण्याऐवजी बिनमिठाचं लोणी घालते. २०० ग्रॅम चॉकलेट आणि १०० ग्रॅम क्रीमला ३० ग्रॅम लोणी, गनाश कोमट झाल्यावर, लहान तुकडे करून. थंड झाल्यावर ते छान धरतं आणि साखरेचा वाटा तीसवरून सत्तावीसवर येतो. फार मोठा फरक नाही, पण तोंडाला मिठी बसणं आणि न बसणं यांतलं अंतरही तेवढंच असतं. लोणी हा भर उन्हाचा उपाय नव्हे, हेही सांगायला हवं. लॉनवरच्या मुंजीला दुपारी केक मांडायचा असेल तर मी गनाशची ऑर्डरच घेत नाही.

मग सरळ सत्तर टक्क्यांचंच चॉकलेट त्याच प्रमाणात घ्यावं, तर तेही जमत नाही, आणि इथे मला साखरेबद्दलचं मत बदलावं लागलं. साखर गोड करते, एवढंच तिचं काम आहे असं मी धरून चालले होते. गनाशमध्ये ती क्रीमच्या पाण्यात विरघळून पाक होते, आणि त्या पाकात कोको बटरचे बारीक थेंब तरंगत राहतात. गनाशची ती लकाकी, सुरीला न चिकटणारा मऊपणा, सगळं या पाकावर उभं असतं. साखर कमी आणि सुका गर जास्त असेल तर गर पाणी पिऊन घेतो, पाक अपुरा पडतो आणि गनाश फाटतं. कडेला तेल सुटतं, मध्ये रवाळ गोळा होतो. अशा वेळी घाबरून लोणी घालू नये. चमचाभर कोमट दूध घालून मधोमध लहान वर्तुळात ढवळत गेलं की बहुतेक वेळा परत जुळून येतं. शिवाय साखर पाणी बांधून ठेवते, त्यामुळे गनाश टिकतं. कमी साखरेचं गनाश लवकर खराब होतं, म्हणून त्याचे ट्रफल मी फ्रिजबाहेर ठेवायला देत नाही.

आणि सगळ्याच साखरा सारख्या गोड नसतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोजचे डबे असतात. ते मी वर्षानुवर्षं नाक मुरडून टाळलं, कारण मला ते हलक्या मिठाईचं सामान वाटायचं. बेकरीत मिळणारं नेहमीचं ग्लुकोज साखरेच्या जेमतेम निम्म्याएवढं गोड असतं, पण पाक करायचं, पाणी धरायचं आणि मऊपणा ठेवायचं काम चोख करतं. सत्तर टक्क्यांच्या गनाशमध्ये थोडं घातलं तर ते फाटत नाही आणि गोडवाही फारसा चढत नाही. गोडवा आटोक्यात ठेवायला साखरेचाच एक भाऊबंद मदतीला येतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

चव कधी बघायची, याबद्दलही माझं मत बदललं. आधी मी गनाश झाल्या झाल्या, पातेल्यातूनच चमचा चाटून ठरवायचे. एकदा एकाच घाण्यातलं गनाश तीन वाट्यांत काढलं. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमट. दुसऱ्या दिवशी तिन्ही ओळीनं खाल्ली. फ्रिजमधली वाटी कडवट आणि गप्प, दाताखाली फुटणारी. गोडवा आलाच तर सर्वांत शेवटी. ओट्यावरची जिभेवर ठेवताच सुटली, आधी क्रीम, मग गोड, मग कोको. कोमट वाटी तर सरळ गोड, दुसरं काही जाणवू न देणारी. तिन्हींत साखर एका कणानंही वेगळी नव्हती. बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २००५ साली दाखवलं की जिभेच्या पेशींमध्ये गोड चवीचा संदेश पुढे नेणारा जो मार्ग आहे, तो १५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ऊब वाढेल तसा जास्त जागा होतो. शिवाय कोको बटर वितळतं ते साधारण ३४ अंशांना. थंड गनाशमधली साखर जिभेपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो.

म्हणून आता मी ऑर्डर घेताना विचारते, केक कुठे आणि किती वाजता कापणार? एसी हॉलमध्ये, फ्रिजमधून काढून लगेच कापणार असतील तर गनाश थोडं जास्त गोड ठेवते. घरच्या गच्चीवर, बाहेर तासभर मांडून ठेवणार असतील तर कमी. लोकांना या प्रश्नाचं नवल वाटतं, पण माझ्या दृष्टीनं "गोड किती?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात असतं.

उरलेलं निम्मं केकमध्ये असतं. पेढा खाऊन चहा प्यायला की चहात साखर नाहीच असं वाटतं; गोड स्पंज आणि वर शिंपडलेल्या पाकानंतर सत्तर टक्क्यांचं गनाश तसंच एकदम कडू होऊन बसतं. मुलांच्या वाढदिवसांना गेले की मी कागदी बशा बघते. माझ्या कितीतरी केकचा स्पंज खाल्लेला आणि गनाशचा थर काट्यानं सोलून कडेला दुमडून ठेवलेला मी पाहिला आहे. मुलांना चांगलं चॉकलेट कळत नाही, असं तेव्हा मनात यायचं. आज वाटतं, त्या मुलांनी मला अगदी स्पष्ट उत्तर दिलं होतं. आता मी स्पंजमधली साखर उतरवते, पाकाऐवजी साधं दूध किंवा पातळ कॉफी शिंपडते, थर बारीक देते आणि गनाश पंचावन्न-सत्तर अर्धं-अर्धं मिसळून करते. पूर्ण घास मिळून गोड कमी लागतो, आणि गनाशला मात्र चॉकलेटसारखं गोड राहायची मुभा मिळते. डार्क कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं स्वस्त चॉकलेट, त्याच्या बहुतेक पाकिटांवर घटकांच्या यादीत साखर पहिली असते, तिथे यातलं फारसं काही करता येत नाही. ते मी अजूनही वापरत नाही, त्याबाबत माझं मत होतं तिथंच आहे.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. कमी गोड लागणं आणि कमी साखर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळं शिकल्यावर मला साखर फारशी न काढताही केक कमी गोड भासवता येतो. गार ठेवून, आंबट घालून, ग्लुकोज वापरून. आणि लिक्विड ग्लुकोज जिभेला कमी गोड असलं तरी रक्तातली साखर ते वाढवतंच. घरात मधुमेहाचं माणूस आहे म्हणून जेव्हा कोणी कमी गोड मागतं, तेव्हा मी आता फोनवर स्पष्ट सांगते, "चवीला कमी गोड करून देईन, पण साखर आहे. बाबांना लहान तुकडा द्या आणि डॉक्टरांना विचारून द्या." काही जण हिरमुसतात, एखादी ऑर्डर जातेही. माझ्या सत्तर टक्क्यांच्या काळात "हा चालेल त्यांना, कडू आहे" असं बोलणं सहज होऊन जायचं आणि समोरच्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं. ते वाक्य मी पूर्ण बंद केलं आहे. एकवेळ पाहुण्यांना माझा केक गोड वाटला तरी चालेल, पण कोणाच्या वडिलांनी गैरसमजातून दुसरा तुकडा घेतलेला मला चालणार नाही.

व्हाइट चॉकलेटकडे मी या सगळ्यानंतर परत वळले. त्यात कोकोचा सुका गर नाही, म्हणजे कडू नाही, तुरट नाही. निम्म्याच्या आसपास साखर, आणि ती अडवायला समोर कोणी नाही. पूर्वी मी ते करायचंच नाकारत होते. कडूपणाचा उतारा नाही म्हटल्यावर माझ्या लेखी काही उपायच नव्हता. पण आंबट चव गोडाला दाबते, आणि आंबटाची आपल्याकडे काय कमी? तीनास एक प्रमाणात गनाश करून, ते कोमट झाल्यावर कोकमाचं आगळ घालते. उकळत्या क्रीममध्ये घातलं तर क्रीम नासायची भीती, म्हणून सगळ्यात शेवटी, चमच्या-चमच्यानं, आणि जेवढं आगळ घालायचं तेवढं क्रीम आधीच कमी करून. आगळात मीठ असतंच, त्यामुळे वेगळं मीठ घालत नाही. रंग फिकट गुलाबी येतो. किती आगळ घालावं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पाव किलोला मला दोन चमचे पुरेसे वाटतात, माझी मुलगी तिसरा घालतेच.